मोतीबिंदू काढलेला टीव्ही

ध्रुवला फुकटात आरामखुर्ची मिळाली होती आणि जेवताना तो तिच्याबद्दलच बोलत होता. जाहिरात पाहून तो ट्रामने गेला, कुठल्याशा वारलेल्या गृहस्थांच्या घरातून खुर्ची उचलली आणि तशीच डोक्यावर धरून परतीच्या ट्राममध्ये चढला. वल्लरी म्हणाली, ट्राममध्येही हा त्याच खुर्चीत पाय पसरून बसला असेल. त्यावर सगळे हसले. राजानंदकाका हसले नाहीत.

काका जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये इतकी वर्षं राहिलेले, की इथे शिकायला येणाऱ्या मराठी मुलांना त्यांचा पत्ता विमानातच मिळतो असं सगळे म्हणायचे. शनिवारचं जेवण त्यांच्याकडे असे. त्या दिवशी बाहेर नोव्हेंबर होता, चारलाच अंधारलेला. द्रौपदीकाकू आत भांडी आवरत होत्या. खालून ट्राम गेली आणि खिडकीची काच थरथरून थांबली.

"त्या घरातून निघताना तू काय म्हणालास?" काकांनी विचारलं.

"काय म्हणणार काका? चुस म्हणालो, इथलं बाय."

"त्या माणसांना. आणि खोलीला?"

ध्रुवने वल्लरीकडे पाहिलं. "खोलीला कोण काय म्हणतं?"

"बरं केलंस," काका म्हणाले. त्यांनी उठून मोठा दिवा मालवला, कोपऱ्यातला छोटा तेवढा ठेवला आणि पुन्हा येऊन बसले. "हे बघा, मी भूत मानत नाही. आपण बावीस प्रतिज्ञांची माणसं, आपल्यात ते बसत नाही. यशपालही मानत नव्हता. पण त्याच्या बाबतीत जे झालं ते त्याने मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, आणि त्यातलं शेवटचं मी या डोळ्यांनी पाहिलं. म्हणून सांगतो."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

यशपाल इथल्याच एका संशोधन संस्थेत होता. त्याचं काम व्हॅक्यूमचं, म्हणजे दिवसभर भांड्यातली हवा काढायची आणि ती परत आत शिरू नये म्हणून राखण करायची. घरी आल्यावरही त्याला दुसरं सुचत नसे. तो जुने रंगीत टीव्ही दुरुस्त करायचा. अगदी पहिल्या पिढीतले, लाकडी पेटीचे, पोटात काचेची भलीमोठी पिक्चर ट्यूब असलेले. ती ट्यूब म्हणजे तरी काय, आतली हवा काढून तोंड बंद केलेली काचेची सुरईच. नागपूरला इंदोऱ्यात त्याच्या वडिलांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तिथून हा नाद लागलेला.

वेस्टश्टाट भागातल्या त्यांच्या इमारतीला तळघर होतं. लाकडी पट्ट्या ठोकून त्याच्या कोठड्या केलेल्या, प्रत्येक बिऱ्हाडाला एक. लोकांच्या कोठडीत सायकली आणि बटाटे, यांच्या कोठडीत टीव्ही. यशपालची बायको क्रांती त्या कोठडीला शवागार म्हणायची. पाहुणे आले की खाली झोपवू, सोबतीला मंडळी भरपूर आहेत, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

त्यांची मुलगी ओवी तेव्हा नुकती पहिलीत गेली होती. इथे वाढलेली मुलं असतात तशीच. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमधून. यशपाल मराठीत विचारायचा, ती "या", म्हणजे हो, नाहीतर "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणून मोकळी. मराठी शब्द तिच्या तोंडात एकच होता, आजी. नागपूरच्या आजीला ती आजीच म्हणायची. मैत्रिणींच्या त्या ओमा, आपली ती आजी. यात तिची कधी गल्लत झाली नाही. एवढं लक्षात ठेवा.

तर नोव्हेंबरच्या मध्यावर एका शनिवारी यशपाल टीव्ही आणायला निघाला. एल्मच्या जंगलाच्या कडेला एक लहानसं गाव आहे, तिथे ब्रेनेके नावाच्या एक म्हाताऱ्या बाई वारल्या होत्या. त्यांचा पुतण्या कासेलहून घर रिकामं करायला आला होता. टीव्ही जुना आहे, काचेवर बुरशीसारखं काही आलंय, पण दुरुस्त करणारा कोणी असेल तर त्याने न्यावा, असं त्याने जाहिरातीत लिहिलं होतं.

पुतण्या मोकळा माणूस होता. त्याने कॉफी दिली, कप मात्र आधीच खोक्यांत गेले होते, म्हणून जॅमच्या बरणीतून. खोलीत फारसं काही उरलं नव्हतं. भिंतीवर तसबिरींच्या जागी फिके चौकोन. जाळीच्या पडद्याची खिडकी. एका भिंतीशी टीव्ही, आणि त्याच्या बरोबर समोर एक हिरवी आरामखुर्ची. खुर्चीच्या दोन्ही हातांवर विणलेले रुमाल घातलेले. बसायच्या जागी गादी इतकी दबलेली, की कोणी आत्ताच उठून गेलंय असं वाटावं.

टीव्ही बघून यशपालचा चेहरा फुलला. त्याला कपाटासारखी दोन दारं होती, किल्लीसकट. दारं उघडली तर काचेच्या कडेने पांढरे ठिपके आत आत सरकत आलेले. या नादातली माणसं त्याला मोतीबिंदूच म्हणतात. ट्यूबच्या तोंडावर संरक्षणाला आणखी एक काच चिकटवलेली असते, दोन काचांमधला तो जुना डिंक सडतो आणि डोळ्यावर पांढरा पडदा यावा तसं दिसू लागतं. काढता येतो. यशपालने असे दोन-तीन काढले होते.

हा टीव्ही फार चाललेला दिसतोय, तो म्हणाला.

पुतण्याने खुर्चीवरचा रुमाल सरळ केला. मग म्हणाला, काकू रात्रभर लावून ठेवायची. जुन्या टीव्हींसाठीचं प्रक्षेपण बंद होऊन वर्षं झाली होती, या सेटवर काहीच दिसत नव्हतं. नुसता बर्फ. आपण ज्याला मुंग्या म्हणतो ना, ते. ती त्या मुंग्या बघत बसायची. गेली तीही याच खुर्चीत. शेजाऱ्यांना पडद्याआडून रोज रात्री उजेड दिसत होता, त्यांना वाटलं, बसली आहे बघत. म्हणून कोणी... काही दिवस कोणी दार वाजवलं नाही.

 दोघांनी मिळून टीव्ही गाडीत चढवला, पट्ट्यांनी बांधला. जॅकेट आत राहिलं होतं, ते आणायला तो पुन्हा खोलीत गेला. जॅकेट घेतलं आणि दारात आला. आता, ज्या घरात म्हातारं माणूस असतं तिथून न बोलता निघायचं नाही, ही आपल्या अंगातली सवय. खुर्ची रिकामी होती. त्याला ते दिसत होतं. तरी जीभ वळलीच.

"येतो हं, आजी," तो म्हणाला.

पुतण्या मागे बोळात उभा होता. त्याने विचारलं, काय म्हणालास? आणि यशपालने त्याच दारात, त्याच खुर्चीकडे बघत, शब्दाला शब्द जर्मन करून सांगितलं.

"इश कोमं, ओमा."

पुतण्या हसला. अरे तू तर चाललायस, येतोयस कुठे? तेव्हा यशपालने समजावलं, की आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. ते अशुभ. जातो म्हणणारा परत येत नाही. म्हणून कुठूनही निघताना आम्ही येतो म्हणतो. पुतण्याचं हसू हळूहळू मावळलं. तो म्हणाला, माझे काका एका रात्री सिगारेट आणायला निघाले, तेव्हा याच दारात म्हणाले होते, 'इश कोमं ग्लाइश.' आलोच. गावाबाहेरच्या वळणावर त्यांना गाडीने उडवलं. तेव्हापासून काकू रात्रीची झोपायची नाही. दाराकडे कान, आणि जागं राहायला टीव्ही.

मग तो म्हणाला, बरं वाटलं असतं तिला. त्या दारातून येतो म्हणणारं पुन्हा कोणी आलंच नाही.

काका थांबले. आत काकूंचा नळ बंद झाला होता.

"म्हणजे त्याने तिला..." वल्लरी म्हणाली.

"त्याने काही केलं नाही. आपण सगळे म्हणतो तेच म्हणाला."

टीव्ही तळघरात आला. यशपालने आधी ट्यूबमधली वीज उतरवली. मुलांनो, ही ट्यूब फसवी असते. बंद करून कित्येक दिवस झाले तरी वीज धरून बसते. स्क्रू ड्रायव्हरने ती जमिनीत उतरवावी लागते, फट्कन ठिणगी पडते. पण एवढ्याने भागत नाही. थोडा वेळ गेला की काचेतच मुरलेली वीज पुन्हा वर येते. त्याचे वडील दुकानातल्या पोरांना बजावायचे, ट्यूब मेली असं कधी समजू नका, तिच्यातलं गेलेलं परत येतं. म्हणून दोनदा उतरवायची. यशपालने दोनदा उतरवली.

रविवारी मोतीबिंदू काढला. ओवीला अशा कामात फार रस. तिचं एक लाल स्टूल होतं, तीन पायांचं, बुटकं. ते घेऊन ती खाली आली आणि टीव्हीसमोर बसली. यशपाल काचेवर गरम पाणी सोडायचा, डिंक मऊ करायचा आणि मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याने दोन काचांमधून करवत चालवावी तसा हळूहळू पुढे जायचा. संध्याकाळी वरची काच सुटली. खवट वास आला. त्याने उरलेला डिंक खरवडला, ओवीने फडक्याने पुसलं, आणि आतली करडी काच तळ्यासारखी स्वच्छ झाली.

ओवी तोंड अगदी जवळ नेऊन बघत होती. मग जर्मनमध्ये म्हणाली, आता त्याला दिसतं.

यशपाल हसला. म्हणाला, हो, ऑपरेशन झालं ना.

त्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. दोन्ही इतक्या लहान, की त्याने मनावर घेतल्या नाहीत.

पहिली तळघरात. तिथला दिवा बटण दाबल्यावर लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो, सगळ्या इमारतींत असतो तसा. एका संध्याकाळी तो हत्यारं आवरत होता. टीव्ही बंद होता. बंद टीव्हीच्या काचेत समोरचं सगळं दिसतं, तुम्ही पाहिलं असेल. कोठडीच्या पट्ट्या दिसायला हव्या होत्या. त्याला एक खिडकी दिसली. जाळीचा पडदा होता तिला. त्याने मागे वळून पाहिलं. तळघराला कुठली खिडकी? तेवढ्यात दिवा विझला. पुन्हा लावला तेव्हा काचेत लाकडी पट्ट्याच होत्या. डोळे थकलेत, असं म्हणून तो वर गेला.

दुसरी स्वयंपाकघरात. तो पोळीचा तुकडा मोडत उभा होता, ओवी टेबलाशी चित्र रंगवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पापा, डी ओमा फ्राग्ट, वान डू कोम्स्ट."

ओमा विचारते, तू कधी येणार.

 त्याची आई नागपूरला एकटीच होती, आणि तो तिला दर रविवारी फोनवर येतो, येतो म्हणत आला होता. दोन वर्षं झाली होती. त्याला वाटलं, आईने फोन करून नातीला विचारलं असणार. मार्चमध्ये नक्की, सांग आजीला, तो म्हणाला. ओवीने मान वर केली. काहीतरी बोलणार होती. मग पुन्हा रंगवायला लागली.

त्यानंतरचा रविवार टोटनझोनटागचा होता. इथे नाताळच्या आधी एक रविवार मेलेल्यांचा असतो. लोक दफनभूमीत जाऊन दिवे लावून येतात. क्रांती कामासाठी न्युरेम्बर्गला गेली होती, सोमवारी येणार होती. बाप-लेक दोघंच घरी. दुपारी यशपालने आईला फोन केला आणि चिडवलं, काय गं, नातीकडे माझ्या तक्रारी करतेस?

"मी?" आई म्हणाली. "अरे, माझा फोनच बंद पडलेला. आज शेजारच्या सरलाने नीट करून दिला. पोरीचा आवाज ऐकून मला पंधरा दिवस झाले."

यशपालने फोन ठेवला. शाळेतल्या कोणाची ओमा असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण ते सांगतानाही त्याला ठाऊक होतं, की शाळेतल्या कोणाच्या ओमाला तो कधी येणार याच्याशी काही देणंघेणं नाही.

रात्री ओवी झोपली. त्याने तिच्या अंगावर दुलई सारखी केली. घराला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि तो तळघरात उतरला. आज ट्यूब जागी करायची होती.

पिक्चर ट्यूबच्या मानेत काचेवर किरण फेकणाऱ्या तीन गन असतात, तीन रंगांच्या. यातली तांबडी पार थकली होती, रात्ररात्र चालून. तिला थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त तापवायचं असतं. वरचा जुना थर जळतो आणि खालचा जिवंत थर उघडा पडतो. कमी तापवलं तर काही होत नाही. जास्त झालं तर ट्यूब संपली. यशपाल श्वास धरून मीटरचा काटा बघत होता. काटा हलला. चढत गेला. तांबडी जागी झाली.

त्याने टीव्ही लावला. काचेवर मुंग्या आल्या. काळ्या, पांढऱ्या, आणि खूप वर्षांनी थोडी तांबूस झाक असलेल्या. आवाज फक्त खरखर. त्याला इतका आनंद झाला, की तो एकटाच हसला. मग त्याने बटण बंद केलं. मुंग्या आक्रसल्या, मधोमध एक ठिपका राहिला, आणि तोही गेला.

काच काळी झाली.

काचेत खोली होती.

फिके चौकोन. जाळीचा पडदा. हिरवी खुर्ची. खुर्चीच्या हातांवर रुमाल.

खुर्चीत कोणीतरी होतं.

यशपाल हलला नाही. तळघरातला दिवा विझला. अंधार झाला... पण काचेतला दिवा विझला नाही. तिथे उजेड तसाच होता. मंद, पिवळा.

खुर्चीत म्हातारी बसली होती. पांढरे केस, मांडीवर हात. तोंड यशपालकडे नव्हतं. बाजूला होतं. त्या खोलीच्या दाराकडे. आणि तिच्या पायाशी लाल स्टूल होतं. स्टुलावर ओवी बसली होती. झोपेतल्या कपड्यांत. तीही दाराकडेच बघत होती.

त्याने हाताने चाचपून दिवा लावला आणि मागे पाहिलं. कोठडीच्या कोपऱ्यात ओवीचं स्टूल असायचं. कोपरा रिकामा होता.

तो धावला. जिने चढला, किल्ली काढली. कुलूप त्याने लावलं होतं तसंच होतं. आत पलंग रिकामा. दुलई नीट. गादीला हात लावला, गरम होती. त्याने न्हाणीघर पाहिलं, कपाट पाहिलं, हाक मारली. घराला दुसरं दार नव्हतं.

तो पुन्हा खाली आला.

काचेत दोघी तशाच बसल्या होत्या. कोणी बोलत नव्हतं. ओवीचे पाय अनवाणी होते, एकावर एक ठेवलेले, ती कंटाळली की ठेवायची तसे. म्हातारीचा एक हात आता तिच्या खांद्यावर होता. रागाने नाही. शेजारी बसलेल्या नातीच्या खांद्यावर ठेवावा तसा. दोघी वाट बघत होत्या.

ओमा विचारते, तू कधी येणार.

आणि यशपालला कळलं, ओमा कोण. आणि दारात उभं राहून, तिच्या भाषेत, तिला 'येतो' कोण म्हणालं होतं ते.

त्याला पळावंसं वाटलं. काचेवर हातोडा घालावासा वाटला. पण आत पोर होती. तो टीव्हीसमोर उभा राहिला. 

"आलो," तो म्हणाला. मग तिला कळावं म्हणून, "इश बिन डा."

म्हातारीने मान हलवली. फार हळू.

दिवा विझला. यशपालने पाऊल मागे घेतलं... पायाखाली सिमेंट नव्हतं. लाकूड होतं. करकरलं. मेणाचा वास आला, जुन्या कॉफीचा वास आला. तो त्या खोलीच्या दारात उभा होता. अंगात तेच जॅकेट होतं, जे वर घरात खुंटीला होतं.

"ओवी, चल," तो म्हणाला.

ओवी उठली. म्हातारीने अडवलं नाही. हात तेवढा हवेत राहिला, खांदा होता तिथेच. यशपालने पोरीचा हात धरला. गार होता. स्टूल राहू दिलं. एक पाऊल... दुसरं... म्हातारीकडे पाठ करायची त्याची हिंमत होत नव्हती. तो तसाच मागे मागे सरकत दारापर्यंत आला.

आणि दारात त्याची जीभ वळली.

जन्मभराची सवय. आईने कानाला धरून लावलेली. म्हातारं माणूस समोर बसलंय, आपण निघालोय, आता काय म्हणायचं ते शिकवावं लागत नाही. ओठ उघडले. "ये..."

त्याने दात आवळले. जीभ चावली, रक्ताची चव आली. म्हातारी आता सरळ त्याच्याकडे बघत होती. पहिल्यांदाच. तिचे डोळे पांढरे होते, कडेपासून आतपर्यंत.

तिला शब्द हवा होता. कुठलातरी. न बोलता तिथून निघता येणार नव्हतं, हे त्याला का कोण जाणे, स्पष्ट कळत होतं.

जो शब्द त्याने कधी कुठल्याच दारात उच्चारला नव्हता, बाप गेला त्या घरातूनही निघताना उच्चारला नव्हता, तो त्याने उच्चारला.

"जातो," तो म्हणाला.

म्हातारीने डोळे मिटले. खोलीतला उजेड एका कडेने आत आत यायला लागला, टीव्ही बंद करताना येतो तसा. भिंती गेल्या. खिडकी गेली. खुर्चीपुरता उजेड राहिला. यशपाल वळला. ओवीला ओढलं.

ओवी थांबली.

तिने मागे वळून पाहिलं. घरी पाहुणे येत, आई-बाबा कोणाकडे जात, तेव्हा निघताना दारात काय म्हणतात हे ती जन्मापासून ऐकत आली होती. कधी म्हणाली नव्हती. समजत सगळं होतं.

"येते हं, ओमा," ती म्हणाली. स्वच्छ मराठीत.

मग अंधार... आणि पायाखाली सिमेंट.

काका गप्प झाले.  ध्रुवने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता परत ठेवला. काकू कधी येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या, कोणाला कळलं नव्हतं.

"ओवी?" शेवटी वल्लरीने विचारलं.

"बरी आहे. चौथीत आहे आता. तिला त्या रात्रीचं काही आठवत नाही." काकांनी चष्मा काढून पुसला. "मराठी बोलायला लागली. त्या दिवसापासून. छान बोलते. क्रांतीला वाटतं, आपण घरात नेट धरला त्याचा हा गुण."

"आणि टीव्ही?"

"यशपालने मला सकाळी फोन केला. जीभ सुजली होती, धड बोलता येत नव्हतं. मी गेलो, आणि दोघांनी मिळून तो टीव्ही वेर्टश्टॉफहोफवर नेऊन टाकला, भंगारात. आधी कोठडी सगळी उपसली. स्टूल मिळालं नाही. आजपर्यंत मिळालेलं नाही."

काकांनी चष्मा पुन्हा लावला.

"गाडीतून उतरवताना टीव्हीची दारं उघडली. लख्ख दिवस होता, काचेवर ऊन पडलं होतं. मला डाग दिसला. मी म्हटलं, पुसला नाहीस का नीट? यशपाल म्हणाला, तो वरून नाहीये. आतून आहे. एकच चित्र वर्षानुवर्षं लागून राहिलं की ट्यूबच्या आत त्याचा असा डाग जळून बसतो. आत हात जात नाही. हवासुद्धा जात नाही. आणि आदल्या आठवड्यात ओवीने ती काच पुसली तेव्हा तिथे काही नव्हतं. मी वाकून पाहिलं. फिकट होता, पण नीट दिसत होता. एक आरामखुर्ची होती. खुर्चीच्या हातांवर रुमाल होते. आणि तिच्या पायाशी एक बुटकं स्टूल. तीन पायांचं."

खालून ट्राम गेली. खिडकीची काच थरथरली.

"खुर्चीत कोणीतरी बसलेलं होतं," काका म्हणाले. "स्टूल रिकामं होतं."